घास मोजणारे बारसागडे सर

बायकोला आधी जेवायला वाढायचं आणि आपण मागून जेवायचं, एवढंच बारसागडे सरांनी त्या मंगळवारी ठरवलं होतं. इतक्याशा निर्णयातून घरात तऱ्हेतऱ्हेच्या प्लेटा येतील, एक वजनकाटा येईल आणि तुकूम भागातल्या अख्ख्या गल्लीत आपल्याबद्दल भलतंच काही बोललं जाईल, हे तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं. (सरांच्या मनात गोष्टी नेहमी घडून गेल्यावर येत आणि मग आठवडाभर मुक्काम करत.)

हेमराज बारसागडे चंद्रपूरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. वय एकाहत्तर. माणूस चव जिभेनं घेतो की डोळ्यांनी, या प्रश्नावर त्यांनी ऐन तारुण्यात पीएच.डी. केली होती. चारशे बारा पानांचा तो प्रबंध आजवर तिघांनीच हाताळला: मार्गदर्शकांनी, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आणि बाइंडिंगवाल्यानं. बाइंडिंगवाल्यानं पाचवं प्रकरण चौथ्याच्या आधी शिवलं होतं. ते पहिल्या दोघांच्या लक्षात आलं नाही. सरांच्याही लक्षात अकरा वर्षांनी आलं, आणि तेव्हापासून आपली पदवी खरी की खोटी, ही शंका त्यांना अधूनमधून पहाटे चारला जागं करी.

रंभाबाई मात्र अशा कुठल्याच शंकेनं कधी जाग्या झाल्या नव्हत्या. दिवसभर काम, रात्री अंथरुणाला पाठ लागली की झोप. पण सप्टेंबरात त्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला एटापल्लीकडे गेल्या आणि येताना मलेरिया घेऊन आल्या. ताप आठ दिवसांत उतरला. तोंडाची चव मात्र तापासोबत गेली ती परत येईना. वरण खाल्लं तर माती, भात खाल्ला तर माती, दूध प्यायलं तर पातळ माती. हळूहळू त्यांनी ताटाकडे बघणंच सोडलं. ऑक्टोबरच्या मध्याला डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं तेव्हा वजन भरलं अडतीस किलो चारशे ग्रॅम.

डॉक्टर तरुण होते आणि सरळ बोलणारे होते. त्यांनी एक महिन्याची मुदत दिली. पंधरा नोव्हेंबरला काटा चाळीसच्या वर गेला नाही, तर नागपूरला भरती करायचं आणि नळीनं अन्न द्यायचं, असं त्यांनी कागदावर लिहूनच दिलं. रंभाबाईंची थोरली जाऊ काही वर्षांपूर्वी अशीच नागपूरला भरती झाली होती आणि ती परत आली नव्हती. घरी येताना ऑटोत बाईंनी सरांच्या शर्टाचं टोक धरून ठेवलं होतं. घर येईपर्यंत सोडलं नाही. उतरताना एवढंच म्हणाल्या, "मले नागपूरले नका धाडू जी."

सरांना रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर आपण ज्या विषयाचे तज्ज्ञ म्हणवून घेतलं, नेमका तोच विषय घरात येऊन बसला आहे आणि आपण हातावर हात धरून आहोत, हे त्यांना फार लागलं. (तज्ज्ञ हा शब्द मनात येताच पाचवं प्रकरणही आठवलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं.) उजाडला तो मंगळवार.

स्वयंपाकाला आणि भांड्यांना रंजीता येत असे. चिचपल्लीकडची, पस्तिशीची, हाताला चव असलेली आणि जिभेला त्याहून जास्त धार असलेली बाई. साडेबाराला स्वयंपाक झाला तसं सरांनी डायनिंग टेबल रिकामं केलं. हे टेबल सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून आलं होतं आणि तेव्हापासून वर्तमानपत्रं, औषधं आणि लाइटबिलं यांच्याच कामी आलं होतं. सरांनी रंभाबाईंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं.

बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, परक्याच्या घरी बसावं तशा. आधी तुम्ही जेवा, मग मी, असं त्यांनी दोनतीनदा सांगून पाहिलं. सर ऐकेनात. ते समोरच्या खुर्चीवर बसले, दोनशे पानी वही उघडली, घड्याळ काढून शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "तू खा, रंभा. माझ्याकडे लक्ष देऊ नकोस."

त्यांच्याकडे लक्ष न देणं अवघड होतं, कारण ते दोन फुटांवर होते आणि त्यांचे डोळे चष्म्यामागून बाईंच्या हाताबरोबर ताटातून तोंडाकडे आणि तोंडातून ताटाकडे फिरत होते. बाईंनी कसेबसे काही घास गिळले, पाणी प्यायल्या आणि ताट सारलं. सरांनी नोंद केली: घास अकरा, वेळ चौदा मिनिटं, चेहरा उदास.

मग ते स्वतः जेवले, म्हणजे वही वाचता वाचता काहीतरी तोंडात गेलं.

नोंदी वाचताना त्यांना जाणवलं की दोष स्टीलच्या ताटाचा आहे. स्टीलमध्ये अन्नाचा रंग खुलत नाही, चमक डोळ्यांवर येते. पांढऱ्या गोल प्लेटमध्ये तोच पदार्थ माणसाला गोड लागतो, हे त्यांनी कित्येक पिढ्यांना शिकवलं होतं. संध्याकाळी ते जटपुरा गेटजवळच्या अयूबभाईंच्या भांड्यांच्या दुकानात गेले आणि पांढरी प्लेट घेऊन आले.

पांढऱ्या प्लेटवर दहा घास झाले.

पांढऱ्यावर पांढरा भात दिसत नाही, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. बाईंना आपण किती खाल्लं, किती राहिलं, याचा अंदाजच येत नसणार. म्हणून गडद निळी प्लेट आली. ती बघून रंजीता म्हणाली की यात वरण असं दिसते जसं तलावात गाय बसली. नऊ घास. निळा रंग भूक मारतो, हेही सरांनीच कधीतरी फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि ते त्यांना आठवलं तेव्हा बाई हात धुऊन उठल्या होत्या.

मग त्यांनी वजनाचा विचार केला. भांडं जड असलं की अन्न कसदार वाटतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं. अयूबभाईंनी कुठून तरी मातकट रंगाची एक प्लेट काढून दिली. दोन हातांनी उचलावी लागे.

अयूबभाई म्हणाले, "सर, ही प्लेट नाई, फरशी आहे. तीन वरसांपासून पडली आहे. घेऊन जाव, पसंत नाई आली तर वापस आणा. पण ऑटोनं आणा, पैदल नका येऊ."

ती फरशी टेबलावर ठेवल्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला. रंभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं आठ घास खाल्ले. रंजीतानं ती घासायला साफ नकार दिला. पगार भांड्यांचा ठरला आहे, बांधकामाचा नाही, असं तिचं म्हणणं होतं.

डोळे झाले, हात झाला, आता कान राहिला होता. कुरकुरीत आवाज आला की पदार्थ ताजा वाटतो आणि तोंडाला पाणी सुटतं. सरांनी रंजीताला पापड भाजायला सांगितले आणि बाईंचा घास तोंडात जाईल त्या क्षणी ते त्यांच्या कानाशी पापड मोडू लागले. पहिल्या पापडाला बाई दचकल्या. दुसऱ्याला ठसका लागला. तिसरा सरांनी हातात घेतला तेव्हा बाई म्हणाल्या, "अजी, मी जेवू का आयकू?"

सर ओशाळले. (हा प्रश्न त्यांना फार बिनतोड वाटला. त्यांच्या परीक्षकांनी असा एकही प्रश्न विचारला नव्हता.) पण हार मानणं परवडणारं नव्हतं. चौदा दिवस गेले होते. शेवटचा उपाय म्हणून ते नावाकडे वळले. पदार्थाचं नाव बदललं की चव बदलते. त्यांनी सुवाच्य अक्षरात एक कार्ड लिहिलं आणि प्लेटीला टेकवून ठेवलं. त्यावर होतं: गावरान तुरीच्या डाळीचं मंद आचेवर शिजवलेलं सुवर्णरंगी वरण, सुवासिक तांदळाच्या शुभ्र भातासह.

बाईंनी ते दूर धरून वाचलं आणि रंजीताला हाक मारून विचारलं की आज वरण-भात नाही केला का.

सात घास.

आता खरी गंमत अशी की वजनकाटा वेगळंच सांगत होता. काटा सरांनी पहिल्याच आठवड्यात आणला होता, आणि रोज सकाळी चहाआधी बाई त्यावर उभ्या राहत. पहिले काही दिवस आकडा अडतीसच्या आसपास घुटमळला. मग अडतीस आठशे झाला. मग एकोणचाळीस दोनशे. कार्डाच्या दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस सहाशे.

दुसरा कोणी नवरा असता तर पेढे वाटले असते. बारसागडे सर घाबरले. घास अकरावरून सातवर आले आणि वजन सव्वा किलोनं वाढलं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? त्यांनी आधी काट्यावर संशय घेतला. स्वयंपाकघरातून पंचवीस किलो तांदळाचं पोतं ओढत आणून काट्यावर ठेवलं. काट्यानं चोवीस किलो आठशे दाखवलं. उरलेल्या दोनशे ग्रॅमचा दोष काट्याचा की तांदूळवाल्याचा, यावर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. मग वहीवर संशय घेतला, बेरजा तपासल्या. मग स्वतःवर घेतला. तो तसा कायमच घेतलेला असे, त्यामुळे त्यातून नवीन काही निघालं नाही.

शेवटी त्यांनी मोबाइलवर शोधलं. न खाता वजन वाढत असेल तर अंगात पाणी साचत असण्याची शक्यता असते, असं तिथे लिहिलं होतं. पायाच्या नडगीवर अंगठा दाबायचा, खळगा पडून तसाच राहिला तर सूज समजायची.

रंभाबाई दुपारी कलंडल्या होत्या. सर दबकत त्यांच्या पायाशी बसले आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडल्यासारखा वाटला. दुसऱ्या पायावर दाबला. तिथे पडला नाही. पुन्हा पहिल्यावर दाबला. तेवढ्यात बाई ताडकन उठून बसल्या.

"हे काय करून राह्यले जी? माहे पाय दाबून राह्यले? पाप लागन ना मले."

सर म्हणाले की काही नाही, सहज. सूज हा शब्द त्यांना उच्चारायचा नव्हता. आणि नेमकी रंजीता दारात उभी होती.

रंजीताच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं फक्त पुढच्या घरी भांडी घासताना सांगितलं की आमचे सर बाईचे पाय दाबतात. पुढच्या घरानं ते त्याच्या पुढच्या घराला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका रंभाबाईंकडे आदरानं आणि पुरुष सरांकडे रागानं बघू लागले. दुसऱ्या दिवशी फरशी परत करायला सर दुकानात गेले (ऑटोनं), तेव्हा अयूबभाईंनी त्यांना आत बसवून चहा पाजला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, माहीवाली बी कालपासून पाय लांब करून बसून राह्यली. तुमी शिकलेले लोक असे कराल तर आमी कुठी जाव?"

सरांनी त्यांना खरी भीती सांगितली. अयूबभाई गंभीर झाले. पंधरा तारखेची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरकडे न्या, असा त्यांनी सल्ला दिला. सरांनाही ते पटलं. पण दुसऱ्या दिवशी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. तो दिला नाही तर पेन्शन थांबते. सकाळी तो उरकून चारला डॉक्टरकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं.

बँकेत निम्मं चंद्रपूर जिवंत असल्याचं सिद्ध करायला आलं होतं. सरांचा नंबर सव्वाला लागला. त्यांनी मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं तो ओळखला नाही. त्यांनी दुसरा ठेवला. तोही नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला की अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, हात धुऊन या. हात धुऊन आल्यावर मशीनचा सर्व्हरच बंद पडला. सोमवारी या, असं सांगून त्यानं खिडकी लावली. आपण हयात आहोत की नाही हे सोमवारपर्यंत अधांतरी ठेवून सर घरी निघाले.

एरवी दुपारी एक ते तीन सर गाढ झोपलेले असत. लग्न झाल्यापासूनचा हा नेम. कॉलेजची वेळ सकाळची, साडेबाराला जेवण, एकला झोप. रंभाबाईंच्या आजारपणातही तो मोडला नव्हता. फक्त त्यात आता झोपेआधी दहा मिनिटं काळजी करणं वाढलं होतं. त्या दिवशी मात्र पावणेदोनला ते आपल्याच दारात उभे होते आणि दाराला आतून कडी होती. बेल वाजवली तर बाईंची झोप मोडेल, म्हणून ते घराच्या बाजूनं वळून मागच्या परसात, सांदवाडीत गेले.

सांदवाडीतून आधी हसणं ऐकू आलं. रंभाबाईंचं. ते हसणं सरांनी सप्टेंबरपासून ऐकलं नव्हतं.

लिंबाच्या झाडाखाली, भांडी घासायच्या दगडाजवळ, रंभाबाई मांडी घालून जमिनीवर बसल्या होत्या. मांडीत भात शिजवायचं पातेलं, भाताचा गंज होता. तोच गंज, ज्यातून सर रोज पांढऱ्या, निळ्या आणि मातकट प्लेटीत भात काढत. बाई उलथन्यानं गंजाच्या बुडाला लागलेली खरवड खरडत होत्या आणि गंजाच्या झाकणावर घेत होत्या. झाकणावर अंबाडीची भाजी होती, कच्च्या तेलात कालवलेली जवसाची चटणी होती आणि बुक्कीनं फोडलेला कांदा होता. समोर रंजीता उकिडवी बसून तिच्या भासऱ्याची, म्हणजे थोरल्या दिराची, नक्कल करून दाखवत होती. बाई हसत होत्या, घास घेत होत्या, पुन्हा हसत होत्या. करपलेला भात त्यांच्या दातांखाली करकर वाजत होता. तो आवाज सरांना दहा पावलांवर स्पष्ट ऐकू आला, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

ते किती वेळ उभे होते कोण जाणे. रंजीताचं लक्ष गेलं तशी ती गप्प झाली. बाईंनी वळून पाहिलं. हातातला घास हातात राहिला.

सर हळूच म्हणाले, "किती दिवस चाललंय हे?"

बाईंनी थोडा विचार केला. "पंचेचाळीस वरस झाले असन जी."

सर भांडी घासायच्या दगडावरच बसले. बाईंनी मग सगळं सांगितलं, चोरी पकडल्यावर सांगावं तसं खाली बघत. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासूसासरे, दीर, जावा. बायका मागून जेवायच्या, चुलीपाशी, जे उरेल ते, गंजातच. पुढे माणसं कमी झाली, शहरात घर झालं, पण जेवण तसंच राहिलं. सर झोपले की त्या जेवायच्या. खरवड त्यांची, कांदा त्यांचा आणि तो एक तास त्यांचा. मलेरियानंतर पहिला महिनाभर खरंच मातीच लागत होती. मग एका दुपारी सर झोपलेले असताना रंजीता गंज घासायला बसली, करपलेल्या भाताचा वास आला, आणि बाई अंथरुणातून म्हणाल्या की थांब, घासू नको, इकडे आण.

ऐकता ऐकता सर आठवत होते. रंभाबाई जेवताना कशा दिसतात? लग्नांच्या पंगतीत बायकांची पंगत वेगळी. सणाला त्या वाढणाऱ्या. पोरगा लहान होता तेव्हा त्याला भरवणाऱ्या. पंचेचाळीस वर्षांत बायकोला पोटभर जेवताना आपण एकदाही पाहिलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. प्रबंधासाठी त्यांनी दोनशे चाळीस माणसांना खाताना पाहिलं होतं. त्यातली साठ तर आरमोरीहून मुद्दाम बोलावली होती.

"मग टेबलावर का नाही जेवलीस?" त्यांनी विचारलं.

"कशी जेवू? तुमी असे पाहता जसे पेपरात कॉपी पकडाले बसले. घास गळ्याखाली उतरत नाई. अन् तुमच्या आधी जेवाचं म्हणजे... मले तं चोरी केल्यासारकं वाटे."

"मला सांगायचं ना."

बाई काही वेळ झाकणावरची चटणी बोटानं सारखी करत राहिल्या. "कशी सांगू? रिटायर झाल्यापासून तुमी सकाळी उठून खिडकीतून रस्ता पाहत बसत होते. या महिन्यात पयल्यांदा शीळ वाजवत उठून राह्यले. रोज नवीन प्लेट. म्हणलं, माहे काय जाते, सात घास खाऊन घ्याचे."

आपण तिच्यावर उपचार करत होतो की ती आपल्यावर, याचा हिशोब सरांना लागेना. सूज नाही, एवढं मात्र लागलं, आणि त्यांच्या छातीवरून ती मातकट फरशी कोणीतरी उचलल्यासारखं झालं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की मी इथे बसलो तर चालेल का.

"बसा," बाई म्हणाल्या. "पण तिकडं तोंड करून."

तेव्हापासून रोज दुपारी, बाईंनी पूर्वीसारखं आधी वाढलेलं जेवून, बारसागडे सर सांदवाडीत, शेजाऱ्यांच्या भिंतीकडे तोंड करून बसू लागले. झोपेचा नेम मोडला. मागे करकर चाले, हसणं चाले, रंजीताच्या भासऱ्याची नवी नवी प्रकरणं चालत. सर भिंतीकडे बघत ऐकत राहत. त्या भिंतीवर प्लास्टर कुठे कुठे निघालं आहे, हे त्यांना पाठ झालं. प्लेटा अयूबभाईंनी परत घेतल्या. वही रद्दीत गेली. आकडा रोज वर चढत होता, आणि आता तो का चढतो हे ठाऊक असल्यामुळे सरांना त्याची भीती वाटत नव्हती.

पंधरा तारखेला दोघं डॉक्टरांकडे गेले. रंभाबाई चपला काढून काट्यावर चढल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. सरांनी मात्र डोळे उघडे ठेवले. चाळीस किलो सातशे. डॉक्टरांनी नागपूरचा कागद काढून फाडला आणि टोपलीत टाकला. बाईंनी डोळे उघडले, टोपलीकडे एकदा खात्री करून पाहिलं, आणि मग निवांत खाली उतरल्या.

डॉक्टर खूश होते. एवढ्या कमी दिवसांत एवढी भूक कशी आली, असं त्यांनी विचारलं. सरांनी घसा साफ केला. रंग, वजन, आवाज, नाव हे शब्द जिभेवर येऊन गेले. मग ते म्हणाले की त्यात माझं काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपण एक विधान बिनशंकेनं केलं, असं त्यांना वाटलं.

डॉक्टर त्यांच्याकडे निरखून बघत होते. त्यांनी सरांनाच काट्यावर चढायला सांगितलं, महिन्यापूर्वी सरांचंही वजन टिपलेला जुना कागद शोधला आणि भुवया वर केल्या. सरांचं वजन महिन्याभरात सव्वातीन किलोनं उतरलं होतं.

"सर, तुम्ही जेवता की नाही?"

जेवतो ना, सर म्हणाले. रोज जेवतो, दोन्ही वेळा.

"काल दुपारी काय खाल्लं, सांगा."

सर विचारात पडले. काल दुपार त्यांना नीट आठवत होती. भिंत आठवत होती, रंजीताचा भासरा आठवत होता, बाई मधेच ठसकल्या होत्या तेही आठवत होतं. स्वतःच्या पानात काय होतं, तेवढं आठवेना. त्यांनी रंभाबाईंकडे पाहिलं.

बाईंना सगळं माहीत होतं. पंचेचाळीस वर्षं त्या सरांना वाढत आल्या होत्या. दीड पोळी, मुठीएवढा भात आणि वांग्याची भाजी, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर ते लिहून घेऊ लागले. सरांना राहवलं नाही. ते बाईंच्या कानाशी वाकले आणि हळूच विचारलं, "भाजी कशी लागली होती मला?"

"मीठ टाकाचं विसरली होती रंजीता," बाई म्हणाल्या. "तुमी म्हणले, अशी भाजी खूप दिवसांत नाई खाल्ली."